इंजिनीअरिंगचं कॉलेज निवडताना : वाचकांचे प्रश्न

सीईटीचा निकाल लागला की येणारी पत्रं साधारण एकाच वळणाची असतात. दोन-तीन कॉलेजं आवाक्यात दिसताहेत, त्यातलं कुठलं घेऊ? या वेळची पाचही पत्रं राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाबद्दल, म्हणजे कॅप राउंडबद्दल आहेत. नावं छापलेली नाहीत. फी आणि खर्चाचे आकडे पत्रलेखकांनीच दिलेत. तुमचे आकडे वेगळे असतील, रकाने मात्र हेच राहतील.

प्रश्न : मुलाला ९४ पर्सेंटाइल आहेत, खुला प्रवर्ग. पुण्याच्या एका खाजगी स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल असं दिसतं, फी वर्षाला १,६०,०००. दुसरीकडे सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळेल, फी ३०,०००. दीड हेक्टर शेती आणि एक छोटं दुकान आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत. सगळे म्हणतात कॉम्प्युटरच घ्या. चार वर्षांत पाच लाखांचा फरक पडतो, तो करावा का?
— एक पालक, बार्शी

पाच लाखांचा अंदाज तुमचा बरोबर आहे, पण तो फक्त फीमुळे पडत नाही.

खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तिचे दोन भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात ते १,४२,००० आणि १८,००० आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, फक्त शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर मिळते, मुलांना निम्मी. म्हणजे ७१,००० सुटतात आणि ८९,००० तुम्हाला भरावे लागतात. चार वर्षांचे ३,५६,०००. सरकारी कॉलेजच्या ३०,००० मध्ये शिक्षण शुल्क २०,००० आहे, त्यातले १०,००० सुटतील. चार वर्षांचे ८०,०००. फीतला फरक असा २,७६,००० वर येतो.

बाकीचा फरक राहण्या-खाण्याचा आहे. पुण्यात कॉट बेसिसवर ५,५०० भाडं तुम्ही लिहिलंय. मेस १० महिन्यांची असते, खोलीचं भाडं मात्र ११ महिन्यांच्या करारानं जातं. सुट्टीत मुलगा घरी आला तरी कॉटचे पैसे चालूच. ५,५०० गुणिले ११ म्हणजे ६०,५००. मेस ३,६०० प्रमाणे ३६,०००. प्रवास, झेरॉक्स, फोन, चहापाणी महिना २,००० धरा, २०,०००. वर्षाला १,१६,५०० आणि चार वर्षांचे ४,६६,०००. सरकारी कॉलेजात होस्टेल १२,०००, मेस ३०,०००, वरखर्च १५,००० : वर्षाला ५७,०००, चार वर्षांचे २,२८,०००. लॅपटॉपचे ५५,००० दोन्हीकडे सारखेच. पुण्यात दोन महिन्यांचं डिपॉझिट ११,००० वेगळं.

एकूण पुणे ८,८८,०००, सरकारी ३,६३,०००. फरक ५,२५,०००, आणि त्यातला जवळपास निम्मा खोली-मेसचा. म्हणून पुण्याच्या कॉलेजला पहिल्या वर्षासाठी स्वतःचं वसतिगृह आहे का, जागा किती आणि त्या कशाच्या आधारे देतात, हे फोन करून विचारा. उत्तर काय येतं त्यावर लाखभर रुपये इकडचे तिकडे होतात. उलट सरकारी कॉलेजात होस्टेल धरूनच चालू नका. तिथेही जागा गुणवत्तेनं आणि प्रवर्गानुसार भरतात, आणि उशिराच्या राउंडला आलेल्याला बऱ्याचदा बाहेर खोली बघावी लागते.

तुमची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी मुलगा अर्ज करू शकतो. तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला आत्ताच काढून ठेवा, कारण ऑगस्टमध्ये सगळा तालुका त्याच खिडकीवर असतो. दोन्ही अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर होतात आणि दरवर्षी नव्यानं करावे लागतात. ते बहुतेकदा उत्पन्नाच्या दाखल्यामुळे नाही, बँक खात्यामुळे अडकतात. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा केवायसी न केल्यानं बंद पडलेलं असतं. पैसे येतात तेही हप्त्यांत आणि उशिरा. तेव्हा पहिल्या वर्षी सवलत हातात नाही असं धरून पैशाची सोय करा.

कर्ज काढायचं झालं तर हप्ता मोजून काढा. पाच लाखांचं कर्ज चार वर्षांत सव्वा-सव्वा लाखानं उचललं, व्याज १० टक्के, आणि शिक्षण संपल्यावर वर्षानं हप्ते सुरू झाले, तर तोवर नुसतं सरळ व्याजच १,७५,००० होतं. फेडायचे ६,७५,०००. सात वर्षांच्या मुदतीत महिन्याला साधारण ११,२०० चा हप्ता बसतो. बँकेत बसून लोक ५ लाखांवर ८,३०० चा हप्ता धरतात, ती चूक इथेच होते. पगार चार लाख असेल तर हातात महिना २८-३० हजार येतील आणि त्यातले ११ हजार हप्त्याला जातील. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, तीही तारण आणि जामीनदाराशिवाय. पण ती एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीवर ठरलेल्या संस्थांपुरती आहे. तुमचं पुण्याचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर पाहून मगच तिच्यावर विसंबा.

आता शाखेचं. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली आणि अनेक खाजगी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. शिक्षक त्या वेगानं वाढतातच असं नाही. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा निकष आहे. वेबसाइटवर विभागाची शिक्षकांची यादी असते, ती मोजा आणि त्यातले किती जण गेल्या दोन वर्षांत रुजू झालेत ते बघा. एनबीए मानांकन शाखेला मिळतं, नॅक कॉलेजला. ‘आम्ही नॅक ए प्लस’ या फलकावरून कॉम्प्युटर विभागाबद्दल काहीच कळत नाही. त्या शाखेचं एनबीए आहे का आणि कधीपर्यंत आहे, एवढं विचारा.

आमचं मत स्पष्ट आहे. मुलाला कोडिंगची खरी ओढ असेल, त्यानं बारावीच्या आसपास स्वतःहून काही शिकून पाहिलं असेल, आणि पुण्याच्या विभागाचं एनबीए चालू असेल, तर सव्वापाच लाखांचा विचार करता येईल. नुसतं ‘सगळे म्हणतात’ एवढंच कारण असेल तर सरकारी इलेक्ट्रिकल घ्या. महावितरण, महापारेषणसारख्या भरत्या, पदव्युत्तर प्रवेशाची गेट परीक्षा आणि वीजक्षेत्रातल्या खाजगी कंपन्या हे त्या शाखेचे हक्काचे रस्ते आहेत. शिवाय बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेतली मायनर पदवी करता येते. दुसऱ्या वर्षी शाखा बदलून मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नका; त्या जागा मोजक्या असतात आणि वर्गातल्या पहिल्या काही जणांनाच मिळतात.

प्रश्न : मी नांदेडची, ओबीसी, नॉन-क्रीमीलेअर आहे. मुलींची फी माफ आहे म्हणून मुंबईचं एक कॉलेज घ्यावंसं वाटतं. घरून ये-जा करता येईल असं कॉलेज नांदेडलाही आहे. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम झालं. मुंबईत जमेल का, याचीच जास्त धास्ती आहे.
— एक विद्यार्थिनी

आधी फीचं बघ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. मुंबई-पुण्यात नावात ‘युनिव्हर्सिटी’ असलेल्या बऱ्याच संस्था आहेत. त्यातली एखादी निवडलीस तर माफी विसरायची. विकास शुल्क, होस्टेल, मेस कुठेही माफ नाही. होस्टेल मिळालं नाही तर इतर मागास बहुजन कल्याण विभागाची सावित्रीबाई फुले आधार योजना बघ, राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर येतात.

मुंबईचा कटऑफ बघताना तू बहुधा चुकीच्या ओळीवर थांबलीयस. तू लिहिलेला आकडा ‘एल-ओबीसी-एच’ या रकान्यातला वाटतो. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींच्या राखीव. मधलं प्रवर्गाचं. शेवटचं एच म्हणजे त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. नांदेड मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात नाही, म्हणून तुझी ओळ ‘ओ’ची. त्या जागा कमी असतात आणि कटऑफ बऱ्याचदा वेगळा असतो. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतात. दोन वर्षं जुळवून बघताना दोन्ही बघ.

जमेल का, याचं उत्तर नुसत्या फेरफटक्यातून मिळत नाही. कॉलेजनं ठरवलेल्या ‘कॅम्पस व्हिजिट’च्या दिवशी सगळं चकचकीत असतं. कामाच्या दिवशी, संध्याकाळी पाचनंतर जा. आई किंवा बाबा बरोबर असतील तर त्यांना कार्यालयात बसव आणि तू दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोल. पहिल्या वर्षाच्या मुली अजून नवलाईत असतात, शेवटच्या वर्षाच्या नोकरीच्या धांदलीत. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारू नकोस, ‘चांगलं आहे’ हेच उत्तर येईल. असं विचार : होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं आणि लायब्ररी किती वाजता? लायब्ररी दहाला आणि गेट साडेआठला बंद होत असेल तर ती लायब्ररी तुझ्या कामाची नाही. रविवारी रात्री मेस असते का? बऱ्याच ठिकाणी नसते, आणि महिन्याला चार-पाच जेवणांचा खर्च गुपचूप वाढतो. पहिल्या सेमिस्टरला गणितात किती जणींचे विषय राहिले? गावाकडून आलेल्या मुली खोलीत एकत्र राहतात की मिसळतात? आजारी पडलं तर रात्री कोण नेतं? शेवटच्या प्रश्नावर समोरची मुलगी चटकन एखाद्या वॉर्डनचं नाव सांगते की नुसती हसते, त्यावरून होस्टेल कसं आहे ते कळतं.

इंग्रजीची धास्ती खरी आहे, पण ती साधारण पहिल्या सेमिस्टरपुरती असते. तू अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून केलंयस, पारिभाषिक शब्द ओळखीचे आहेत. अडतं ते तोंडी परीक्षेत आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये, जिथे पटकन बोलावं लागतं. प्रत्येक वीस-पंचवीस जणांना एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. तो कागदावरच आहे की महिन्यातून एकदा खरंच भेटतो, हेही त्याच मुलींना विचार. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र तुला आणि पालकांना भरून द्यावं लागेल. त्याबरोबर यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ फोनमध्ये घालून ठेव.

घरून ये-जा हा कमीपणा समजू नकोस. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंहजी (एसजीजीएस) हे स्वायत्त अनुदानित कॉलेज आहे; तू त्याच्याबद्दल लिहितेस की दुसऱ्या एखाद्याबद्दल, ते पत्रात नाही. एसजीजीएसमध्ये मनासारखी शाखा मिळत असेल तर तीच शाखा मुंबईच्या मधल्या फळीतल्या खाजगी कॉलेजात घेण्यासाठी घर सोडायचं कारण आम्हाला दिसत नाही. व्हीजेटीआयसारखं कॉलेज मिळत असेल तर मात्र जा.

प्रश्न : टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्कमाफीची जागा घ्यावी का? शिक्षक म्हणतात, घेतली तर पुढे शाखा बदलता येत नाही.
— एक विद्यार्थी, धुळे

शिक्षक बरोबर सांगतात. कॉलेज आणि शाखा दोन्ही बदलता येत नाहीत. या जागा मंजूर क्षमतेच्या ५ टक्के, जादा असतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि माफ होतं ते फक्त शिक्षण शुल्क. यात प्रवर्गाचं आरक्षण नाही, सगळे एकाच गुणवत्ता यादीत, म्हणून कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या कटऑफच्याही वर जातो.

मुलाला ईबीसीत निम्मी फी सुटते, टीएफडब्ल्यूएसमध्ये पूर्ण. म्हणून शाखा पक्की असेल तर अर्जात त्या शाखेचा टीएफडब्ल्यूएसचा स्वतंत्र चॉइस कोड आधी टाक आणि साधा त्याच्या लगेच खाली. पूर्ण फीमाफी आधीच लागू असलेल्या मुलींना टीएफडब्ल्यूएसचा फायदा जवळजवळ नाही, बंधन तेवढं गळ्यात पडतं. हे कोड शोधणाऱ्या पालकांत मुलींचे पालकही असतात, म्हणून लिहिलं.

प्रश्न : कॉलेजच्या फलकावर ‘४४ लाखांचं पॅकेज’ आहे. त्यावर किती विश्वास ठेवायचा?
— एक पालक, सांगली

फलक खोटा असेलच असं नाही. तो एका मुलाचा आकडा असतो. तुम्हाला मधल्या मुलाचा हवाय.

एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली माहिती वेबसाइटवर पीडीएफच्या रूपात ठेवावी लागते. पानाच्या तळाशी ‘एनआयआरएफ’ असा दुवा असतो. त्या पीडीएफमध्ये ‘यूजी, ४ वर्षं’चा तक्ता शोधा. समजा त्यात असं आहे : मंजूर जागा १८०, प्रत्यक्ष प्रवेश १७१, डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला १८, ठरल्या वेळेत पदवी १३२, नोकरी लागलेले ८४, उच्च शिक्षणाला ९, मध्यक पगार ४,५०,०००.

कॉलेज ८४ ला १३२ नं भागून ‘६४ टक्के प्लेसमेंट’ म्हणेल. कधी फक्त नोंदणी केलेल्या आणि ‘पात्र’ ठरलेल्यांवर काढून ९० टक्केही म्हणेल. तुम्ही ८४ ला १७१ अधिक १८, म्हणजे १८९ नं भागा. ४४ टक्के येतात. आणि १८९ मधले ५७ वेळेत बाहेरच पडले नाहीत. कुणाचे विषय राहिले, कुणी इयर डाउन झालं, कुणी सोडून गेलं. आमच्या मते तक्त्यातला सगळ्यात बोलका आकडा हाच, आणि तो कुणी विचारत नाही. वर्ष वाया गेलं तर खोली-मेसचा आणखी एक वर्षाचा खर्च आणि शिष्यवृत्तीची अडचण, दोन्ही एकदमच येतात.

मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना त्याहून कमी. सरासरी विचारू नका, ४४ लाखांचा एक मुलगा ती वर ओढतो. या तक्त्याची एक अडचण म्हणजे तो सगळ्या शाखांचा मिळून असतो. शाखानिहाय यादी प्लेसमेंट कार्यालयाकडे मागा, कंपनीच्या नावासह. दहा-बारा मोठ्या आयटी कंपन्यांचीच नावं असतील तर मेकॅनिकलची मुलंही तिकडेच गेलीत असं समजा. शिवाय बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के आणि एकही विषय राहिलेला नको अशी अट घालतात. बारावीला ५८ टक्के असलेल्या मुलानं कॉलेज कितीही चांगलं घेतलं तरी काही दारं त्याला बंद असतात, हे आधीच कळलेलं बरं.

प्रश्न : पर्यायांचा क्रम कसा लावायचा? मोठी कॉलेजं वर टाकली तर खालचं हातचं जाईल का? आणि एका संस्थेतून मॅनेजमेंट कोट्यासाठी फोन येतोय, ‘आत्ता थोडे भरा, बाकीचे पावतीशिवाय’. काय करावं?
— एक पालक, चंद्रपूर

वरच्या पर्यायांमुळे खालचं जात नाही. संगणक तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला पहिल्यापासून खाली तपासत येतो आणि जिथे जागा मिळेल तिथे थांबतो. म्हणून क्रम खऱ्या पसंतीनं लावा, कटऑफच्या अंदाजानं नको.

जातं ते वेगळ्या कारणानं. २०२५-२६ पासून पहिल्या राउंडला पहिला पर्याय, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर ती जागा आपोआप गोठते. ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या कॅप राउंडमधून बाद. ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून वर टाकलेलं, न परवडणारं कॉलेज गळ्यात पडतं ते असं. पहिल्या सहा ओळींत असा एकही पर्याय नको, जिथली चार वर्षांची बेरीज घरात बसून केलेली नाही. त्याखालचा पर्याय मिळाला आणि तुम्ही ‘बेटरमेंट’ निवडलंत, तर पुढच्या राउंडला वरचं काही मिळताच आधीची जागा आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही. राउंडगणिक नियम बदलू शकतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा वाचाच. नेट कॅफेवाल्याला विचारून अर्ज भरू नका. पासवर्डही त्याच्याकडे ठेवू नका. परस्पर क्रम बदलल्याच्या तक्रारी दरवर्षी असतात.

मॅनेजमेंट कोट्याचं : संस्थास्तरीय जागा कायदेशीर आहेत, पण त्यांनाही गुणवत्ता यादी लावावी लागते आणि अर्ज जाहीर करून मागवावे लागतात. पावतीशिवाय पैसे घेणं हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की या जागेवर ईबीसी नाही, मुलींची माफी नाही, पीएम-विद्यालक्ष्मीही नाही. फोनवर सांगतात तो एका वर्षाचा आकडा असतो. चारही वर्षांची फी, विकास शुल्क आणि परतावा किती, हे लेटरहेडवर लिहून मागा. बहुतेक वेळा पुन्हा फोन येत नाही. कॅपमधून मिळालेला प्रवेश जाहीर केलेल्या तारखेच्या आत रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. रद्द करताना ऑनलाइन अर्ज भरून थांबू नका. त्याची प्रत कॉलेजात द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या.